राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने

निवृत्त माणसाला वेळ कसा जातो हे सगळेच विचारतात. मला त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारतात: "तुमी एवढे राज्यपाल जवळनं बघितले, तर राज्यपाल नेमकं करतो काय हो?" शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत केस कापून घेताना, गिरणीत दळण टाकताना हा प्रश्न येतो. एकदा तर दाढ बधिर केलेली असताना दंतवैद्यानं विचारला. तोंडात त्याची हत्यारं होती म्हणून मी सुटलो. एरवीही या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही. आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तोच विचारला आहे, तर एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात राजशिष्टाचाराचं काम बघायचो. हुद्दा नायब तहसीलदार. राजशिष्टाचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मखमली पडदे येतात. प्रत्यक्षात ते लग्नघरातल्या धावपळ्या काकाचं काम आहे. पाहुणा कुठं उतरणार, हार कोण घालणार, कुणाची खुर्ची कुणाशेजारी, कुणाच्या गाडीमागं कुणाची गाडी, हे सगळं त्या काकाच्या डोक्यात असतं आणि जेवायला तो सगळ्यात शेवटी बसतो. फरक एवढाच की लग्नात काही चुकलं तर रुसवे निघतात, आमच्याकडं खुलासा मागवतात.

राज्यपालांच्या दौऱ्याचे नियम तर सगळ्यात कडक. त्यांच्याशी आपण होऊन बोलायचं नाही, विचारलं तर उत्तर द्यायचं. त्यांना हात लावायचा नाही. ते बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, आणि त्यांच्यापेक्षा उंच जागी तर कुणीच नाही. त्यांचं जेवण आधी अन्न तपासणारा अधिकारी चाखतो. आमचा तो अधिकारी मोठा चोखंदळ होता. एकदा त्यानं शेंगाच्या चटणीची तपासणी इतक्या निष्ठेनं केली, की राज्यपालांच्या ताटात नुसता लसूण तेवढा उरला. ताफ्यातल्या रुग्णवाहिकेत त्यांच्या रक्तगटाचं रक्त असतं, आणि विश्रामगृहाच्या अंगणात त्यांच्या हस्ते लावायचं एक रोप. झाड जगणं हे मात्र राजशिष्टाचारात येत नाही. माझ्या नोकरीत एकाच खड्ड्यात तीन राज्यपालांनी रोपं लावली. तिसऱ्यांनी विचारलं, "यहाँ की मिट्टी अच्छी है?" मी म्हणालो, "सर, तयार मिट्टी है."

खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल लागतो, तोही नवा कोरा. हे टॉवेल आम्ही नवी पेठेतल्या नरसय्यांच्या दुकानातून घ्यायचो. देशभरातल्या साहेबांच्या पाठीला सोलापूरचा टॉवेल असतो, याचा नरसय्यांना फार अभिमान. दर खेपेला ते टॉवेलाची घडी हातात धरून मला विचारत, "साहेब, हे पाठीला लावायला की पुसायला?" मी म्हणायचो, "पाठीला." मग ते जरा जाड टॉवेल काढत आणि म्हणत, "सरकारनं घाम पुसायचाच नसतो तर इतका टॉवेल घेतं कशाला?" मी पावती मागायचो.

तर मूळ प्रश्न, राज्यपाल करतो काय. इंग्रजांच्या काळात हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणजे खरोखरच सरकार होता. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुण्याचं गणेशखिंड आणि उरलेल्या दिवसांत मुंबईत समुद्राच्या टोकाला बंगला, असा सगळा संसार तो हत्तीघोड्यांसकट फिरवायचा. लोक त्याला लाटसाहेब म्हणायचे. लाटसाहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. स्वातंत्र्य आलं आणि लाटसाहेबाची सत्ता निवडून आलेल्या मंत्रिमंडळाकडं गेली. बंगला राहिला. गेरू-चुनाही राहिला.

आता राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात. राज्यपाल मुख्यमंत्र्यांना आणि मंत्र्यांना शपथ देतात, विधिमंडळाचं अधिवेशन बोलावतात, विधेयकावर सही करतात तेव्हा त्याचा कायदा होतो. सरकारी विद्यापीठांचे ते कुलपती असतात, म्हणून पदवीदान समारंभाला त्यांची वाट बघत पोरं काळे-पिवळे झगे घालून घामाघूम होतात. महाराष्ट्राच्या राज्यपालांवर तर घटनेनं विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या समतोल विकासाची खास जबाबदारी टाकता येते अशी सोय केली आहे. आमचं सोलापूर त्या 'उर्वरित'मध्ये येतं. घटनेत आपला उल्लेख आहे एवढं समाधान आम्ही मानून घेतो. पण हे सगळं राज्यपाल करतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. थोडे प्रसंग सोडले तर स्वतःच्या मनानं नाही. घरातल्या थोरल्या आजोबांच्या नावानं पत्रिका छापतात, पण मुलगी बघायला जाताना त्यांना कुणी विचारत नाही, तसं आहे हे थोडंसं.

आणि नाव तर सगळीकडं त्यांचंच. मंत्रालयातून निघणारा कुठलाही शासन निर्णय काढा. शिपायाच्या गणवेशाचा असो की धरणाचा, शेवटी एक ओळ असतेच: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही असते कुणा उपसचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची. राज्यपालांना त्या कागदाचा पत्ताही नसतो. आम्ही नोकरीतली माणसं ही ओळ वाचतच नाही. ती वाचणारं एकच माणूस मला भेटलं, आणि तेही दुसऱ्याकडून वाचून घेणारं होतं.

तिचं नाव सत्यव्वा. मंद्रूपच्या पुढं कर्नाटकाच्या बाजूला एक धनगरवस्ती आहे, तिथली. साठीच्या पुढची, अंगानं काटक, कपाळावर भंडारा. एका सोमवारी ती माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली आणि हातातला कागद पुढं करून म्हणाली, "रावसाहेब, ह्येच्यात शेवटाला काय लिवलंय ते वाचा की."

मी वाचलं. "राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने."

"आन् राज्यपालाचं काम हितं तुमीच बघताय न्हवं?"

"ते आले तर बघतो."

"मग कवा येणार हायत? मला त्येंस्नी एक इचारायचं हाय."

काम काय होतं ते तिनं बाकावर बसून नीट सांगितलं. वस्तीवर शासनाचं एक लोकर केंद्र होतं. पत्र्याची शेड, आत लोकर पिंजायचं विजेचं यंत्र. मेंढ्यांची लोकर कातरली की बाया तिथं ती पिंजून घ्यायच्या, चरख्यावर सूत काढायच्या, चिंचोक्याची खळ द्यायच्या आणि घोंगडी विणणाऱ्याकडं सूत जायचं. हातानं पिंजायचं तर दिवसभर खोकत बसून पाटीभर लोकर होत नाही. यंत्रावर ते काम भाकरी भाजायच्या वेळात व्हायचं. आता या कागदानं ते केंद्र दूरच्या एका तालुक्यातल्या केंद्रात विलीन केलं होतं. यंत्र टेम्पोत घालून नेलं होतं. उरली होती नुसती शेड आणि आत एक बंद पडलेलं घड्याळ.

"सुना म्हनत्यात, आता कोण बसतंय खोकत," ती म्हणाली. "चार पोरी सोलापुरात शिवणाला जायाला लागल्या. माझी सून बी बॅग भरून बसलीया. यंत्र आलं न्हाय तर दिवाळीनंतर जाती म्हनती. ती गेली की झालं. माझ्यामागं चरखा धरणारं कुणी न्हाय."

मी तिला समजावलं की हा निर्णय त्या त्या विभागानं घेतलेला असतो, राज्यपालांनी नाही. ओळ नुसती पद्धतीची आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्येंचं नाव कशाला?"

"घटनेत तसं आहे."

"आमच्या वस्तीवर कुणाच्या नावानं कुणी काय करून आलं, तर ज्येचं नाव त्येला आधी इचारत्यात. त्यो न्हाय म्हनला तर नाव घेणाऱ्याला धरत्यात. तुमच्यात तसं न्हाय व्हय?"

आमच्यात तसं नव्हतं. तिला मी त्या विभागाच्या कार्यालयाचा रस्ता दाखवला, अर्जही लिहून दिला. तिथं तिला सांगितलं की निर्णय वरून आलाय. मग ती परत माझ्याकडं आली. सोमवारी मंद्रूपच्या एस.टी.नं यायचं, बाकावर बसायचं, डब्यातली भाकरी खायची आणि जाताना विचारायचं, "काय कळलं का त्येंचं?" आमच्या शाखेतल्या लोकांनी तिला 'राजभवनाची पाहुणी' असं नाव ठेवलं होतं. राजभवनाचं आता लोकभवन झालंय, पण आमच्या तोंडात ते जुनंच बसलंय. तीन सोमवार झाल्यावर तिच्या बाकाखालची चप्पल दिसली नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

मग राज्यपाल खरोखर येणार असं कळलं. विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. त्यांच्या कार्यालयातून असंही विचारलं होतं की समारंभानंतर साहेबांना इथली एखादी हस्तकला बघायला आवडेल, फक्त चादर नको. सोलापूरला आलेला कुठलाही मोठा माणूस चादर घेऊन जातो, आणि या साहेबांकडं आधीच्या दोन दौऱ्यांतल्या चादरी पडून होत्या. जिल्हाधिकारी मॅडमनी बैठकीत विचारलं, "दुसरं काय दाखवता येईल?"

मी म्हणालो, "मॅडम, घोंगडी. मंद्रूपच्या पुढं एक वस्ती आहे. हेलिपॅडच्या वाटेपासून लांब नाही."

मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "ती सोमवारवाली आजी तिथलीच ना?"

"हो."

"निवेदन वगैरे द्यायचं नाही हं. कार्यक्रमात निवेदन नाही."

मी वस्तीवर जाऊन सत्यव्वाला सांगितलं की साहेब येतील, पाव तास थांबतील, पण कागद द्यायचा नाही. ती म्हणाली, "कागुद न्हाय द्यायाची. त्यो त्येंच्याकडनंच आलाय की." तिनं शब्द दिला आणि मी निर्धास्त झालो. तिनं कशाचा शब्द दिला आहे ते मी नीट ऐकलं नव्हतं, एवढंच.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. शेड झाडून घेतली होती. मांडववाल्यानं लाल गालिचा आणला, गाडी जिथं थांबणार तिथपासून शेडच्या दारापर्यंत अंथरून दाखवला. आत उंच खुर्ची, पाठीला नरसय्यांचा टॉवेल. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मान डोलावली. वस्तीवरच्या बाया कडेला उभ्या राहून बघत होत्या. सत्यव्वानं मला विचारलं, "ह्यो लाल कपडा कुणाचा?"

"मांडववाल्याचा. भाड्यानं आणलाय."

"पाव्हणा आमच्या दारात येणार आन् अंथरायचं भाड्याचं?"

मी हसलो आणि पुढच्या कामाला लागलो. पाऊस सरत आला होता, दौऱ्याचा दिवस छान निघाला. पदवीदान वेळेत झालं. सूत्रसंचालकानं तीनदा 'महामहिम' म्हटलं. ते आता म्हणायचं नसतं, 'माननीय' म्हणायचं असतं, हे मी त्याला चिठ्ठीनं कळवलं तर त्यानं चौथ्यांदा 'माननीय महामहिम' म्हटलं. तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत होतं. मी ताफ्याच्या थोडा आधी वस्तीवर पोचलो आणि गाडीतून उतरताच आधी गालिचा शोधला.

लाल गालिचा गुंडाळून बाभळीखाली टाकला होता. त्याच्या जागी, गाडी थांबायच्या खुणेपासून शेडच्या दारापर्यंत, काळीभोर घोंगडी अंथरली होती. एकाला एक भिडवून, नीट, कडा सरळ. काही नवी, काही जुनी, काहींना लाल काठ. प्रत्येक घरानं आपलं सगळ्यात चांगलं घोंगडं आणलं होतं. सत्यव्वाची सून एक कोपरा हातानं साफ करत होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आमीच की," सत्यव्वा म्हणाली. "पाव्हण्याला घोंगडं अंथरायचं असतंय."

"अव्वा, पण ते चालत येणार आहेत."

"येऊ देत की चालत. बूट काढून."

आता धनगराच्या घोंगड्याचं बाहेरच्यांना सांगायला हवं. घोंगडं म्हणजे त्यांचं पांघरूण, अंथरूण, पावसातली खोळ, आणि देवाच्या कार्याला बसायचं आसन. त्याच्यावर पायताणासकट पाय पडत नाही. पाहुणा असो, सावकार असो, पुजारी असो. बायांनी टीव्हीवर बघितलं होतं की मोठ्या माणसाला अंथरतात ते गाडीच्या दारापासून. म्हणून त्यांनी दारापासून अंथरलं. त्यांच्या बाजूनं त्यात काही चुकलं नव्हतं. आमच्या बाजूनं मात्र बूट हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत कुठंच नव्हता.

सुरक्षा अधिकारी धावत आले. "हे काय? हटवा ताबडतोब." कुणीही हललं नाही. दोन शिपाई पुढं झाले आणि घोंगड्याच्या कडेला येऊन थांबले, कारण तेही गावाकडचे होते. तेवढ्यात सायरन ऐकू आला.

पायलट गाडी आली, मग झेंड्याची गाडी आली आणि बरोबर खुणेवर थांबली. राज्यपालांचे परिसहायक, म्हणजे खांद्यावर सोनेरी दोरे लावलेला तो तरुण रुबाबदार अधिकारी, पुढून उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं. राज्यपालांचा पाय बाहेर आला. काळा चकचकीत बूट घोंगड्याच्या वर वीतभर उंच होता आणि खाली येत होता.

सगळी वस्ती त्या बुटाकडं बघत होती. म्हातारे, बाया, सुना. सत्यव्वाच्या सुनेनं डोळे मिटून घेतले. तो बूट खाली टेकला असता तर कुणी काहीच बोललं नसतं, हेही मला कळत होतं. त्यांनी घोंगडी धुतली असती, गुंडाळली असती, आणि पुन्हा आमच्यातल्या कुणासाठी कधी काढली नसती.

माझ्या सगळ्या नोकरीत मी राज्यपालांशी आपण होऊन एक शब्द बोललो नव्हतो. त्या क्षणी दोन बोललो. "सर, जूते."

पाय हवेत थांबला. परिसहायकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. मॅडम मागच्या गाडीतून उतरून तिथंच खिळल्या होत्या. राज्यपालांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं, मग पार शेडपर्यंत गेलेल्या त्या काळ्या वाटेकडं बघितलं आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लोकांकडं बघितलं. ते वयस्क गृहस्थ होते, त्यांचंही मूळ कुठल्या तरी खेड्यातलंच असावं. ते म्हणाले, "अरे, हाँ हाँ," आणि गाडीच्या सीटवर तिरके बसून नाडी सोडायला लागले.

मग काय सांगू. राज्यपालांनी बूट काढले म्हटल्यावर कुणाला घालून राहता येतंय? मॅडमनी चपला काढल्या. पोलीस अधीक्षकांनी जड बूट काढले, त्यांना गाडीला टेकून उभं राहावं लागलं. डॉक्टर, अन्न तपासणारे, फोटोवाले, सगळे. परिसहायकांच्या बुटांना तर खालपासून वरपर्यंत नाडी. त्यांनी ती सोडली, बूट काढला, आणि डाव्या मोज्याच्या भोकातून पायाचा अंगठा सगळ्या वस्तीला दर्शन देऊन उभा राहिला. एवढा ताठ माणूस, पण पुढचा सगळा वेळ उजवा पाय डाव्यावर ठेवून उभा होता. बुटांचा ढीग झाला. त्याच्या राखणीला दोन बंदूकधारी जवान नेमावे लागले.

सत्यव्वा पुढं झाली आणि म्हणाली, "बर्री, सायेब." त्या भागात आदरानं 'या' म्हणायचं ते असं. राज्यपाल घोंगड्यांवरून मोज्यांनी चालत शेडमध्ये गेले. आत उंच खुर्ची होती, टॉवेल होता. सत्यव्वानं खुर्चीकडं बघितलंही नाही. खाली अंथरलेल्या घोंगड्याकडं हात करून म्हणाली, "खुर्ची तुमच्या हापिसात हाय की. हितं बसा."

ते बसले. आणि राज्यपालांपेक्षा उंच कुणी बसायचं नाही हा नियम असल्यानं जिल्ह्याचं सगळं प्रशासन भराभर मांडी घालून खाली बसलं. अधीक्षकांच्या पँटची शिवण उसवल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

राज्यपालांनी सूत हातात घेऊन बघितलं, चरखा बघितला. मग विचारलं, "पिंजाई कहाँ होती है?" त्यांना मराठी समजायचं, बोलताना हिंदीत जायचे.

सत्यव्वानं रिकाम्या कोपऱ्याकडं बोट केलं. जमिनीवर यंत्राचे चार बोल्ट तेवढे वर आलेले होते. "हितं व्हत होती. यंत्र तुमी न्हेलं."

"मैंने?"

"तुमच्याच हुकमानं, तुमच्याच नावानं. रावसाहेबांनी वाचून दावलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ती ओळ त्यांना सांगितली. राज्यपालांनी मॅडमना विचारलं, मॅडमनी त्या विभागाच्या अधिकाऱ्यांकडं बघितलं, अधिकाऱ्यांनी आपल्या मोज्यांकडं बघितलं. राज्यपाल जरा हसले आणि म्हणाले, "माँजी, यह आदेश मैंने देखा भी नहीं।"

सत्यव्वाचा चेहरा पडला नाही. उलट तिला त्यांचीच कीव आली असावी. ती म्हणाली, "म्हंजी तुमचं नाव घेत्यात आन् तुमाला सांगत बी न्हाईत?"

बाहेर कुठंतरी कोकरू ओरडत होतं. मी इतक्या राज्यपालांची भाषणं ऐकली, राज्यघटनेवरची व्याख्यानं ऐकली, पण हा प्रश्न कुणी त्यांच्या समोर मांडी घालून विचारलेला मी तेवढा एकदाच ऐकला. साहेब थोडा वेळ हातातलं सूत बोटाला गुंडाळत राहिले.

"नहीं बताते," ते म्हणाले. मग सावकाश, शब्द शोधत, मराठीत म्हणाले, "पण मी विचारलं, तर सांगावं लागतं."

"मग इचारा की," सत्यव्वा म्हणाली.

त्यांनी आपल्या सचिवांकडं वळून एकच शब्द म्हटला, "पूछिए." सचिवांनी खिशातून पेन काढलं.

पाव तास केव्हाच उलटून गेला होता. हेलिकॉप्टरचा वैमानिक अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून फोनवर फोन करत होता. राज्यपाल उठायला लागले आणि उठता येईना. गुडघ्यांनी दगा दिला. परिसहायक पुढं झाले, पण त्यांना दोन पायांवर उभं राहायचं तर अंगठा दाखवावा लागत होता, त्यात ते क्षणभर घोटाळले. आम्ही बाकीचे तर हात लावायच्या नियमानं बांधलेले. सत्यव्वाला असला काही नियम माहीत नव्हता. तिनं साहेबांचा हात धरला, कोपराला आधार दिला आणि मेंढरू ओढ्यातून वर घेतात तसं त्यांना उभं केलं. ते उभे राहिल्यावरही तिचा हात थोडा वेळ धरून होते.

परतीच्या वाटेत मॅडमनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. मला वाटलं आता खुलासा. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची घडी घालून ती पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "'सर, जूते' हे राजशिष्टाचाराच्या कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही, मॅडम."

"मग लिहून ठेवा कुठंतरी," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पुढं जे झालं ते सरकारी वेगानं झालं. एक पत्र आलं, त्याला उत्तर गेलं, दोन समित्या येऊन शेडची लांबी मोजून गेल्या. मध्येच एक दिवस सकाळी बातमी आली की राज्यपाल बदलले. त्यांची बदली होताना आम्हाला कुणी विचारत नाही आणि त्यांनाही फारसं विचारत नसावेत. सत्यव्वा सोमवारी आली तेव्हा मी तिला सांगितलं, आमचे साहेब गेले. ती म्हणाली, "जाताना जमिनीवर बसवून धाडलं हुतं, ते बरं केलं." दिवाळी झाली. सुनेची बॅग तशीच भरलेली होती, पण ती गेली नाही. आणखी थोडं थांबते म्हणाली. सत्यव्वाला त्यातलं 'आणखी थोडं' तेवढं ऐकू यायचं आणि ती एकही सोमवार चुकवत नव्हती.

उन्हाळ्यात आदेश निघाला. लोकर केंद्र मूळ जागी परत. माझ्या टेबलावर ती प्रत आली तेव्हा मी सगळ्यात आधी शेवटची ओळ वाचली. तीच ओळ होती, अक्षरानं अक्षर. सत्यव्वाला मी ती दोनदा वाचून दाखवली.

"ह्यो राज्यपाल म्हंजी आमचा का नवा?" तिनं विचारलं.

"त्यात माणसाचं नाव नसतं, अव्वा. नुसतं राज्यपाल."

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवत म्हणाली, "मग आमचाच."

मी निवृत्त झालो आणि अंगात घुसलेली घाई हळूहळू गेली. एक खंत आहे. इतक्या पाहुण्यांच्या मागं उभा राहिलो, पण कुणाच्या दारात पाहुणा म्हणून बसलो नाही. म्हणून गेल्या थंडीत एकदा एस.टी.नं मंद्रूपला आणि तिथून वस्तीवर गेलो. मेंढरं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, हे मान्य करायला हवं. चराईच्या जागा गेल्या. पण लांबूनच यंत्राचा आवाज येत होता. सत्यव्वाची सून आता केंद्र सांभाळते, तिच्या हाताखाली सोलापूरहून परत आलेल्या दोघी आहेत. सत्यव्वा चरख्यावर होती. मी विचारलं, राज्यपाल बसले होते ते घोंगडं कुठं आहे, जपून ठेवलंय का. ती म्हणाली, "मेंढरामागं हाय, नातवाच्या अंगावर. घोंगडं काय पेटीत ठेवायचं असतंय व्हय?"

आत जायला निघालो तर दारावर पत्र्याची नवी पाटी दिसली. वस्तीवरच्या कुणा शाळकरी पोरानं पांढऱ्या रंगानं, वळणदार अक्षरांत लिहिलेली:

'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने : पायताण बाहेर काढावे.'

राज्यपालांच्या नावाचा असा वापर नियमबाह्य आहे. नोकरीत असतो तर ती पाटी मला उतरवायला लावावी लागली असती. मी तिथं उभा राहून ती पुन्हा एकदा वाचली. मंत्रालयातून निघालेले हजारो कागद मी हाताळले, पण त्या ओळीखाली लिहिलेलं काम राज्यपालांनी स्वतः, स्वतःच्या हातानं करून दाखवलंय, असा हा एकच आदेश मला माहीत आहे.

मी वाकून बुटाची नाडी सोडली. मोज्याला भोक नव्हतं. त्या दिवसापासून मी ते घरातूनच बघून निघतो.